"आमची स्पॅनिश वाईट" असं स्पॅनिश बोलणारेच का म्हणतात?

या वेळच्या पत्रांत तीन पत्रं एकाच विषयावरची निघाली, एक पुण्यात राहणाऱ्या शहापूरच्या मुलीचं, एक खानापूर तालुक्यातल्या गुरुजींचं आणि एक निपाणीच्या कॉलेजच्या मुलाचं, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत आणि ही तिन्ही एकत्र घेतलीत.

प्रश्न: ताई, नमस्कार. मी शहापूर, बेळगावची, आता पुण्यात एका कंपनीत आहे. आमच्याकडे स्पॅनिश येणाऱ्याला वेगळा अलाउन्स मिळतो म्हणून ऑनलाइन क्लास लावलाय, टीचर चिलीतल्या सांतियागोच्या आहेत आणि शिकवतात खूप छान. पण सारखं म्हणतात की आम्ही चिलीवाले फार वाईट स्पॅनिश बोलतो, अर्धे शब्द खातो, तुला शुद्ध पाहिजे असेल तर पेरूचा किंवा कोलंबियाचा टीचर बघ. स्वतःच्या भाषेबद्दल कुणी असं बोलतं का? आणि खरं सांगायचं तर मला ते ऐकून कसंतरी होतं, कारण इथं रूममेट्स माझ्या "मी येतो, मी जातो" ला हसतात आणि हल्ली आईचा फोन आला की मी बाल्कनीत जाऊन बोलते. टीचर बदलू का?

उत्तर: टीचर बदलू नकोस, हे आधी सांगतो. (होय, मी पण "सांगतो"च म्हणतो, बेळगावात आम्ही बायका असंच बोलतो आणि या कॉलममध्ये मी तसंच लिहिणार.)

तुझ्या टीचर एकट्याच असं म्हणत नाहीत. नॉर्वेतल्या बर्गेन विद्यापीठातून एक मोठा सर्व्हे झाला होता, जवळपास सगळ्या स्पॅनिश बोलणाऱ्या देशांच्या राजधान्यांत जाऊन लोकांना विचारलं की तुमच्या मते बरोबर स्पॅनिश कुठं बोलतात आणि चुकीची कुठं, त्याचे निकाल 2014 ला छापून आले. सांतियागोच्या लोकांनी चांगली म्हणून पेरू आणि स्पेनकडं बोट दाखवलं आणि चुकीची म्हणून स्वतःच्याच देशाकडं. म्हणजे बाहेरच्यांनी नावं ठेवायची गरजच नाही, घरातलेच ठेवायलेत.

आता त्यांचा गुन्हा काय ते बघ. शब्दाच्या शेवटचा "स" हलका करून "ह" सारखा म्हणतात नाहीतर सोडूनच देतात, "कान्सादो" म्हणजे दमलेला, त्याचं बोलताना "कान्साओ" होतं, आणि वाक्याच्या शेवटी "पो" लावतात, "सी पो", "नो पो", आपण "होय की", "नको की" म्हणतो अगदी तसंच. याला आळस म्हणतात लोक. पण "स" कुठं जातो आणि कुठं राहतो याचा नियम आहे, चिलीतलं चार वर्षांचं पोर पण तो नियम मोडत नाही, शाळेत न जाता पाळतं.

आणि हा "स" जाण्याचा प्रकार दक्षिण स्पेनमधून आंदालुसियातून आलाय असं मानतात. 1503 ला स्पेनच्या राजदरबाराने अमेरिकेचा सगळा व्यापार सेव्हिलमधून चालवायचा ठरवलं, मग जहाजं तिथूनच सुटायची, खलाशी, कामगार, वस्ती करायला निघालेली माणसं, त्यात आंदालुसियातले भरपूर, आणि ही मंडळी जिथं जिथं उतरली, कॅरिबियन बेटं, बंदरं, किनारपट्टी, तिथं त्यांचं बोलणं रुजलं. मेक्सिको आणि पेरूची राजधानी लिमा, यांचं तसं नव्हतं. मेक्सिकोत 1535 ला आणि पेरूत 1542 ला व्हाइसरॉयचं राज्य सुरू झालं, म्हणजे तिथं दरबार, मोठे अधिकारी, विद्यापीठ, माद्रिदकडची उठबस. चिली तर नकाशात अगदी टोकाला. तेव्हा पेरूची स्पॅनिश "शुद्ध" कशी ठरली याचं उत्तर कुणाच्या जिभेत शोधू नकोस, खुर्ची कुठं होती ते बघ.

कोलंबियाच्या राजधानीचं, बोगोटाचं पण तेच. कोलंबियाची स्पॅनिश सगळ्यात चांगली असं जगभर सांगतात ना, तर अमेरिका खंडातली पहिली स्पॅनिश भाषा अकादमी बोगोटात निघाली, 1871 ला, आणि मिगेल अंतोनियो कारो नावाच्या व्याकरणकाराने 1892 ते 1898 देशाचा कारभारच चालवला. ज्या शहरात व्याकरणवाले गादीवर बसतात त्या शहराचं बोलणं लोक पाठ करायला घेणारच. त्याच कोलंबियाच्या किनारपट्टीवर, कार्ताहेना, बारांकिया इकडं, "स" असाच जातो आणि बोगोटावाल्यांनी त्या बोलण्याला बरीच वर्षं नावं ठेवली, आणि 1982 चं साहित्याचं नोबेल मिळालेले गार्सिया मार्केस त्याच किनाऱ्याकडचे.

आता एक गोष्ट जरा सावकाश वाच, मला सगळ्यात जास्त हीच सांगायची आहे. जुन्या स्पॅनिशमध्ये समोरच्याला "वोस" म्हणायचे. पुढं स्पेनच्या दरबारात ते मागं पडलं आणि जवळच्या माणसाला "तू" म्हणायला लागले (होय, त्यांचं पण "तू"च), मेक्सिको आणि लिमा दरबाराला जोडलेली होती म्हणून तिथं पण "तू" आलं, पण लांबच्या मुलखात, चिलीत, अर्जेंटिनात, मध्य अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी "वोस" तसंच राहिलं. मग चिलीत आंद्रेस बेयो आले, जन्म व्हेनेझुएलातला, चिली विद्यापीठाचे पहिले रेक्टर, 1847 ला त्यांनी खास अमेरिकेतल्या लोकांसाठी स्पॅनिशचं व्याकरण लिहिलं. फार मोठा माणूस, अमेरिकेतल्या चांगल्या प्रयोगांना मान दिला पाहिजे असं म्हणणारा, पण "वोस" काही त्यांना खपलं नाही, हा गावंढळपणा आहे, टाळा, असं त्यांनी सांगितलं आणि शाळांनी ते उचललं. चिलीत "वोस" सभ्य बोलण्यातून गेलं, पण क्रियापदात मागं राहिलं, तुझ्या टीचर मैत्रिणीशी बोलताना "काचाय?" म्हणजे "कळलं काय?" म्हणत असतील ते तेच, आज तरुण पोरं सर्रास बोलतात पण साहेबासमोर गिळतात. अर्जेंटिनात पण शाळेत "तू"च शिकवायचे आणि मधल्या सुट्टीत पोरं "वोस" म्हणायची, पण तिथं ब्वेनोस आयरेससारखं एवढं मोठं शहर, पेपर, नाटकं, सिनेमा सगळं त्याच बोलण्यात, लोकांनी सोडलंच नाही, शेवटी 1982 ला अर्जेंटिनाच्या भाषा अकादमीने "वोस" चांगल्या भाषेत धरलं. आता तिथं जाहिरातीत, टीव्हीवर, ऑफिसात, सगळीकडं "वोस". एकच जुना प्रयोग, मधे फक्त आंदीज डोंगर, एका अंगाला लाज आणि दुसऱ्या अंगाला मान. दोष त्या प्रयोगातच असता तर दोन्हीकडं सारखाच लागला असता की.

हे आपल्याकडं कसं चालतं ते बघायचं असेल तर पुढच्या वेळी गावी आलीस की खडेबाजारात एखाद्या साडीच्या दुकानात गादीवर अर्धा तास बस. मालक एका गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये बोलतो, दुसऱ्या बाईंना "या की अक्का, बसा की, ह्यात दुसरा कलर दावू काय", आणि तेवढ्यात पुण्याची गाडी दारात थांबली की आवाजच बदलतो, "या ना, बसा ना, यात दुसरा रंग दाखवू का". साडी तीच, भाव तोच, माणूस तोच. वॉलेस लॅम्बर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी मॉन्ट्रियलला हेच टेपवर करून बघितलं होतं, त्याचा निकाल 1960 ला आला. दोन्ही भाषा येणाऱ्या माणसांचे आवाज एकदा इंग्लिशमध्ये आणि एकदा फ्रेंचमध्ये ऐकवले, माणूस एकच आहे हे ऐकणाऱ्यांना सांगितलं नाही, आणि विचारलं की हा कसा वाटतो, हुशार काय, भरवशाचा काय. इंग्लिश आवाजाला जास्त मार्क मिळाले आणि फ्रेंच बोलणाऱ्यांनीच स्वतःच्या भाषेतल्या आवाजाला कमी दिले, काही बाबतीत तर इंग्लिशवाल्यांपेक्षा पण कमी! तेव्हा तिथं नोकरी आणि पैसा इंग्लिशवाल्यांकडं होता. मार्क त्याला मिळत होते.

आणि आपलं तर आणखी दुखणारं आहे. 1956 पासून या सीमाभागात मराठीसाठी माणसं रस्त्यावर आलीत, 1 नोव्हेंबरला काळा दिन पाळतात, फेरीत "मराठी आमची" म्हणून घसा बसेपर्यंत ओरडतात, आणि त्याच घरातली पोरं पुण्यात उतरली की तीच मराठी गिळून टाकतात. ज्या मराठीसाठी भांडलो ती ही, आपल्या तोंडातली, दुसरी नव्हे. पु. लं.नी आपल्या बेळगावच्या रावसाहेबांचं बोलणं किती मायेनं लिहिलं, पण उरलेल्या महाराष्ट्रात बरेच जण फक्त हसण्यासाठी त्याची नक्कल करतात आणि आपण पण त्या हसण्यात सामील होतो, याचं मला वाईट वाटतं.

तुझ्या टीचरना एकदा विचारून बघ की चिलीची भाषा चुकीची असेल, पण आवडते काय? हो म्हणतील. आंदालुसियाच्या बोलण्याबद्दल पण हेच दिसतं, "बरोबर" म्हणून मार्क कमी देतात पण "प्रेमळ, मोकळं, आपलं" म्हणून भरभरून देतात. लोकांच्या मनात दोन वेगळ्या वह्या असतात, एक शाळेची आणि एक घरची, आणि शाळेच्या वहीतला लाल शेरा आपण घरच्या वहीत उतरवून घेतो. तुझ्या टीचर तेच करायलेत.

कामाचं सांगतो. स्पॅनिशची देले परीक्षा असते, इन्स्तितुतो सेर्वान्तेसची, आपल्याकडं त्यांचं सेंटर दिल्लीत आहे. त्यात कुठल्याही देशाच्या शिकलेल्या लोकांची स्पॅनिश चालते, चिलीच्या उच्चाराला मार्क कापत नाहीत. तेव्हा बोलायला टीचरकडूनच शीक आणि ऐकायला मात्र मेक्सिको, स्पेन, अर्जेंटिना, सगळं ऐक, कारण कंपनीचं क्लायंट कुठलं येईल सांगता येत नाही. त्यांना स्पष्ट सांग की मला तुमचीच स्पॅनिश पाहिजे, "पो" सकट. आणि आईचा फोन खोलीत घे. रूममेट्स हसल्या तर हसू देत, दोन दिवसांनी त्या पण "होय की" म्हणायला लागतील, बेळगावच्या पोरीबरोबर राहून कोण सुटलंय.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, खानापूर तालुका. आयुष्यभर मुलांचं शुद्धलेखन तपासलं. हल्ली सगळीकडे वाचतो की प्रत्येक बोली बरोबरच. मग प्रमाणभाषा कशाला? स्पॅनिशसारख्या एवढ्या मोठ्या भाषेत काही शिस्त आहे की नाही?

उत्तर: गुरुजी, शिस्त आहे, आणि चांगली कडक आहे. माद्रिदची रॉयल अकादमी 1713 ला स्थापन झाली, भाषा स्वच्छ करायची, पक्की करायची, तिला तेज द्यायचं हे तिचं ब्रीदवाक्य. पण पुढं अमेरिकेतल्या देशांनी आपापल्या अकादम्या काढल्या, 1951 ला मेक्सिकोत सगळ्यांची एकत्र संघटना झाली, आज तिच्यात 23 अकादम्या आहेत आणि 2009 ला आलेलं मोठं व्याकरण या सगळ्यांनी मिळून केलं. त्यात कुठं काय म्हणतात ते देशवार सांगितलंय, माद्रिदचं तेवढं खरं आणि बाकी चूक असं नाही. बोलणं वीस तऱ्हेचं, पण स्पेलिंग सगळ्यांचं एकच. चिलीचं पोर बोलताना "स" सोडतं पण वहीत लिहितंच, नाही लिहिलं तर मार्क जातात, आणि जायलाच पाहिजेत.

म्हणजे तुमचं शुद्धलेखन वाया गेलं असं अजिबात नाही. मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे नियम आहेत म्हणून चंदगडचा, नागपूरचा आणि आपल्या नंदगडचा मुलगा एकमेकांचं लिहिलेलं न अडखळता वाचतो. माझं म्हणणं एवढंच की वहीत "सांगितलं" लिहून घ्या पण मुलगा तोंडाने "सांगिटलं" म्हणाला तर वर्गासमोर त्याला उभं करू नका. तिथून पुढं तो मुलगा हात वर करायचं बंद करतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा बघितलं असेल.

आणि एक गंमत सांगतो, तुम्हाला आवडेल. स्पॅनिशचं पहिलं व्याकरण 1492 ला आंतोनियो दे नेब्रिहा यांनी लिहिलं. सेव्हिलजवळच्या लेब्रिहाचे, म्हणजे आंदालुसियातले. तर साधारण 1535 च्या सुमारास हुआन दे वाल्देस नावाच्या लेखकाने त्यांच्याबद्दल काय लिहावं, की हा माणूस आंदालुसियाचा, तिथं कुठं भाषा शुद्ध आहे, याचं काय ऐकायचं! ज्याने पहिल्यांदा नियम बांधून दिले त्यालाच गावावरून हिणवलं. तेव्हा विद्वत्तेने हा प्रश्न सुटत नाही गुरुजी, एवढा अभ्यास असून नेब्रिहा सुटले नाहीत.

उलटं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. धारवाडचे द. रा. बेंद्रे, घरची भाषा मराठी, कविता लिहिली कन्नडमध्ये, आणि ती पण म्हैसूरकडच्या पुस्तकी कन्नडमध्ये नाही तर पुष्कळशी धारवाडच्या बोलण्यात. 1973 चं ज्ञानपीठ मिळालं त्यांना. आपल्या इकडच्या कन्नडला पण बेंगळुरूकडं हसतातच, सिनेमात विनोदी पात्राच्या तोंडी घालतात, म्हणजे या बाबतीत बेळगावात मराठी आणि कन्नड दोन्ही घरांचं दुखणं एकच आहे. बेंद्र्यांच्या ओळी मात्र कुणी दुरुस्त करायला गेलं नाही. वर्गात कधी एखादा तास असा ठेवा ना, मुलांनी आजीची एखादी गोष्ट आजीच्याच शब्दांत सांगायची, आणि मग तीच गोष्ट प्रमाण मराठीत लिहायची. दोन्ही आलं पाहिजे. एक घालवून दुसरं आणायचं, हा सौदा नको.

प्रश्न: ताई, मी निपाणीचा, बी.कॉम. करतोय. बॅड बनीची गाणी ऐकून स्पॅनिशचं वेड लागलं, अ‍ॅपवर शिकायलोय. पण अ‍ॅपवर जे ऐकतो ते गाण्यात कुठंच ऐकू येत नाही. मी चुकीचं ऐकतोय की तो चुकीचं गातो?

उत्तर: दोघं पण बरोबर आहात. तो पोर्तो रिकोचा आहे, कॅरिबियनचं बोलणं, शेवटचा "स" जातो, मधला "द" जातो आणि शब्दात मधे नाहीतर शेवटी आलेल्या "र" चा पुष्कळदा "ल" होतो, "पोर्तो रिको" चं पण तिथले लोक बोलताना "पोल्तो रिको" सारखं करतात. ते बेट 1898 पासून अमेरिकेच्या ताब्यात, म्हणून त्यांना दुहेरी ऐकून घ्यावं लागलं, स्पेनवाले आणि बाकीचे म्हणायचे तुमचे उच्चार वाईट आणि वर तुम्ही इंग्लिश मिसळता, आणि तिथले बरेच लोक स्वतः पण तसंच मानत आले. या पोराने तेच उच्चार ठेवून, साफसूफ न करता गायलं आणि जगभर ऐकलं गेलं, तू निपाणीत बसून ऐकतोयस यातच आलं. पण एका गायकाने सगळी लाज जाते असं नाही, तिथल्या मुलाला नोकरीच्या इंटरव्ह्यूला अजून तो "ल" सांभाळावाच लागतो.

अ‍ॅपवर जी ऐकतोस ती कुणाच्याच घरात तशी बोलत नाहीत, सगळ्यांना कळावी म्हणून सपाट केलेली असते, सिनेमांचं डबिंग करताना पण अशीच एक "न्यूट्रल" स्पॅनिश वापरतात, त्याचं मोठं काम मेक्सिकोत चालतं. सुरुवातीला ती शिकायला हरकत नाही, पाया पक्का होतो. मग असं कर, एक गाणं घे, त्याचे लिहिलेले बोल समोर ठेव आणि पेन्सिल घेऊन जिथं "स" लिहिलाय पण ऐकू येत नाही तिथं गोल कर, जिथं "र" चा "ल" झालाय तिथं रेघ मार. एकाच गाण्यात तुला नियम दिसायला लागेल, कुठं जातो आणि कुठं जात नाही. स्वर सहसा सोडत नाहीत हे पण लक्षात येईल. नंतर क्युबाच्या, डोमिनिकन रिपब्लिकच्या बेसबॉल खेळाडूंच्या मुलाखती ऐक, गाण्यापेक्षा सोपं जाईल.